नागपूरच्या उन्हाळ्यात प्रोजेक्टरचा लॅम्प टिकवायचा कसा

मे महिन्याची दुपार, तीन-सव्वातीनची वेळ. फोन वाजतो आणि पलीकडून नेहमीचं वाक्य येतं, "भाऊ, प्रोजेक्टर आपोआप बंद होऊन राहिला." क्लास कुठल्या तरी इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर असतो. वर तापलेला स्लॅब आणि स्लॅबला जवळजवळ चिकटून प्रोजेक्टर. मी विचारतो, "फिल्टर कधी साफ केला होता सर?" दोन क्षण शांतता. मग, "याला फिल्टर असते काय?"

नागपुरात क्लासेस, मंगल कार्यालयं आणि दोन-तीन कॉलेजांचे प्रोजेक्टर सांभाळता सांभाळता मला चौदा वर्षं झाली. एवढ्या काळात म्हातारा होऊन गेलेला लॅम्प मी फार कमी पाहिला. बाकीचे गरमीनं, धुळीनं आणि भिंतीवरच्या बटणानं गेले. तिन्हींवर इलाज आहे आणि तिन्ही इलाज मिळून एका नव्या लॅम्पच्या किमतीपेक्षा बरेच स्वस्त पडतात.

आत नेमकं काय जळतं

हे समजून घेतलं की पुढच्या निम्म्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. प्रोजेक्टरच्या लॅम्पमध्ये घरातल्या जुन्या बल्बसारखी तार नसते. क्वार्ट्झची वाटाण्याएवढी कुपी असते, तिच्यात समोरासमोर टंगस्टनची दोन टोकं, मधलं अंतर जेमतेम एक मिलिमीटर, आणि थोडासा पारा. सुरू करताना बॅलास्ट, म्हणजे लॅम्पला वीज पुरवणारा भाग, या टोकांमध्ये काही हजार व्होल्टचा झटका देतो, ठिणगी पडते, पाऱ्याची वाफ होते आणि कुपीतला दाब वाढत वाढत बाहेरच्या हवेच्या दोनशे पटींच्या आसपास जातो. कारच्या टायरमध्ये आपण जेवढी हवा भरतो, त्याच्या जवळजवळ शंभर पट. फिलिप्सनं १९९५ मध्ये ही जात बाजारात आणली, यूएचपी नावानं. पुढे बाकीच्या कंपन्यांनीही त्याच धाटणीचे लॅम्प काढले.

आता खरी गोम. एवढ्या उष्णतेत टंगस्टनचे कण टोकांवरून उडतात आणि कुपीच्या काचेवर जाऊन बसू पाहतात. ते बसू नयेत म्हणून कुपीत किंचित ब्रोमीन असतं. ते उडालेलं टंगस्टन उचलून परत टोकांवर आणून सोडतं. ही ने-आण ठरावीक तापमानाच्या पट्ट्यातच चालते. कुपी पुरेशी तापली नाही तर काच आतून काळी पडते. फार तापली तर क्वार्ट्झ दुधाळ होत जातो, उजेड अडतो, अडलेल्या उजेडानं कुपी आणखी तापते, फुगते आणि एक दिवस फटाक्यासारखा आवाज करून फुटते.

म्हणजे लॅम्पला गरमी सोसत नाही हे अर्धंच खरं. गारठाही सोसत नाही. त्याला स्वतःची ठरलेली उष्णता हवी असते, तीही एकसारखी. प्रोजेक्टर बनवणाऱ्यानं पंख्याचा वेग त्या हिशोबानं बसवलेला असतो. आपलं काम एवढंच की तो हिशोब बिघडू द्यायचा नाही.

पहिली पायरी: तास बघा आणि लिहून ठेवा

रिमोटवर मेनू दाबा, माहिती किंवा इन्फो असं पान उघडा. तिथं लॅम्प अवर्स दिसतील. हा आकडा आज एका वहीत उतरवा, आणि पुढे दर महिन्याला. काही कंपन्या साध्या आणि इको (कमी विजेच्या) मोडचे तास वेगळे दाखवतात, काही दोन्हींचं गणित करून एकच आकडा देतात. तुमचा कुठला प्रकार आहे ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, नाहीतर दोन खोल्यांच्या प्रोजेक्टरची तुलना फसते.

खोक्यावर छापलेल्या तासांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. ३००० तास म्हणजे ३००१ व्या तासाला लॅम्प विझतो असं नाही. साधारणपणे तोवर उजेड नव्याच्या निम्म्यावर आलेला असतो, आणि हाही सरासरीचा हिशोब. क्लासमध्ये रोज सहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर १५० तास होतात. ३००० तासांचा लॅम्प वीस महिने पुरायला हवा. तुमचा दहा महिन्यांत गेला असेल तर दुकानदाराशी भांडण्याआधी पुढचं वाचा.

दुसरी पायरी: जागा

बहुतेक प्रोजेक्टरच्या मॅन्युअलमध्ये खोलीच्या तापमानाची वरची मर्यादा ३५ किंवा ४० अंश लिहिलेली असते. नागपूरचं तापमान २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेलं होतं. तेवढं दरवर्षी होत नाही, पण नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक दिवस, लागला की ४५ ची कुणाला फारशी नवलाई वाटत नाही. आणि हे बाहेरचं, सावलीतलं तापमान झालं. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खाली, गरम हवा जिथं जमा होते तिथं, प्रोजेक्टर टांगलेला असतो. खाली बाकावर बसलेल्या पोरांना जेवढं गरम वाटतं त्यापेक्षा वर जास्तच असतं. विश्वास बसत नसेल तर शिडीवर चढा आणि प्रोजेक्टरच्या शेजारी पाच मिनिटं डोकं ठेवा. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटरही चालेल. दुपारी दोनला तिथं अडकवा आणि तीनला बघा.

मी करतो ते असं. स्टँडचा पाइप लांब घेऊन प्रोजेक्टर स्लॅबपासून निदान दीड-दोन फूट खाली आणतो. चित्र वरखाली झालं तर ते सेटिंगमधून जुळवता येतं. चारही बाजूंना निदान फूटभर मोकळं ठेवतो, गरम हवा बाहेर पडते त्या बाजूला त्याहून जास्त. पीओपीच्या खोबणीत प्रोजेक्टर बसवायची एक फॅशन आली होती. दिसतं छान, पण त्या खोबणीत तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा पितो. अशी खोबण असेल तर मागे जाळी कापून घ्या, नाहीतर प्रोजेक्टर बाहेर काढा. दोन प्रोजेक्टर शेजारी असतील तर एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर येणार नाही असं बघा.

प्रोजेक्टर तिरका किती करायचा यालाही मर्यादा असते. लॅम्प कसा आडवा राहील ते धरून आतली हवा खेळवलेली असते. उलटा टांगणं ठीक, त्यासाठी सोय असते. पण सरळ खाली टेबलावर किंवा वर छतावर चित्र पाडायचं असेल तर तुमच्या मॉडेलला ते चालतं का हे आधी मॅन्युअलमध्ये बघा. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मित्रांनी हौसेनं फुलांच्या रांगोळीवर वरून चित्र पाडलं होतं. रांगोळी सुंदर दिसली. लॅम्प आठवड्याभरात लुकलुकायला लागला.

कूलरचं काय करायचं

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लेखात सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर खोली चांगली गार करतो. एसी परवडत नसेल तर प्रोजेक्टरसाठी कूलर उपकारकच आहे. पण त्याचा झोत थेट प्रोजेक्टरवर कधीही येऊ देऊ नका. एक तर झोतासोबत पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षारही. दुसरं म्हणजे जुन्या ताटीचे तंतू उडतात. एकदा एका प्रोजेक्टरच्या फिल्टरमधून वाळ्याचा एवढा पुंजका निघाला की क्लासचे सर म्हणाले, "भाऊ, याचंच सरबत करून घ्या." आणि तिसरं, थंड झोत एकाच बाजूनं लागला की वर सांगितलेला तापमानाचा हिशोब बिघडतो.

कूलर खोलीच्या एका टोकाला ठेवा, समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा म्हणजे हवा पुढे सरकेल, आणि प्रोजेक्टर या वाऱ्याच्या वाटेतून बाजूला ठेवा. क्लास सुरू व्हायच्या अर्धा तास आधी कूलर लावा, प्रोजेक्टर नंतर. जून संपत आला की हवेत ओल येते, कूलर गार करेनासा होतो, उलट खोली दमट करतो. तेव्हा तो बंद करून नुसते पंखे लावा.

मेनूमध्ये हाय अल्टिट्यूड किंवा फॅन हाय असं एक सेटिंग असतं. उन्हाळ्यात ते सुरू केलं की पंखा जोरात फिरतो, म्हणून बरेच जण चालू करतात. मीही सुरुवातीला करत असे. ते सेटिंग दीड हजार मीटरच्या वरच्या गावांसाठी असतं, जिथं हवा विरळ असते. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडं वर. इथल्या दाट हवेत, खोली पस्तीस अंशांच्या आत असताना ते चालू ठेवलं तर लॅम्प गरजेपेक्षा जास्त थंड होतो, आणि असं करू नका हे काही कंपन्यांनी मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. काळी पडलेली कुपी आठवा. खोलीच तापली असेल तर खोली थंड करा, हे बटण बंदच राहू द्या.

तिसरी पायरी: फिल्टर

ज्यांना सगळ्या लेखातलं एकच काम करायचंय त्यांनी हे करावं.

आपल्याकडे धुळीची कमतरता नाही. सिमेंट रस्त्यांची कामं कुठे ना कुठे चालूच असतात, उत्तरेकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेचा त्रास, मार्च-एप्रिलमध्ये पानगळीचा चुरा, आणि वर्गात खडू असेल तर तो वेगळाच. फिल्टर तुंबला की हवा कमी आत जाते, पंखा ओरडायला लागतो, टेम्प असा दिवा लुकलुकतो आणि शेवटी प्रोजेक्टर स्वतःला वाचवायला बंद होतो. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले होते आणि नंतर तो सेन्सरचा बिघाड निघाला, हे आठवत असेल. प्रोजेक्टरचा सेन्सर मात्र सहसा खोटं बोलत नाही. तो बंद झाला तर तापलाच असतो. पाच मिनिटांत पुन्हा सुरू करून बघायचा, पुन्हा बंद झाला की पुन्हा सुरू, असा खेळ करू नका.

आधी तुमच्या प्रोजेक्टरला फिल्टर आहे का ते बघा. चित्र तयार करायच्या पद्धतीवरून प्रोजेक्टरचे प्रकार पडतात, तो खोक्यावर लिहिलेला असतो. थ्री-एलसीडी प्रकारच्या प्रोजेक्टरला सहसा असतो, बाजूला किंवा खाली जाळीच्या झाकणाआड. डीएलपी प्रकारच्या बऱ्याच मॉडेलला नसतो. तिथं फक्त हवा आत-बाहेर जाण्याच्या जाळ्या साफ ठेवायच्या.

साफ करताना प्रोजेक्टर बंद करा, पंखा थांबेपर्यंत थांबा, मग प्लग काढा. फिल्टरचं झाकण उघडायच्या आधी बाहेरची धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटका, नाहीतर झाकण उघडताना तीच आत पडते. फिल्टर बाहेर काढून खोलीच्या बाहेर, शक्यतो गॅलरीत न्या. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर हलक्या ओढीवर, समोरच्या म्हणजे धूळ साचलेल्या बाजूनं फिरवा. नसेल तर रंगाचा नवा, मऊ ब्रश. धुवायचा का? मॅन्युअलमध्ये धुवा असं लिहिलं असेल तरच. कागदी घड्यांचा फिल्टर पाण्यात घातला की संपला. स्पंजचा धुतला तर सावलीत पूर्ण वाळू द्या, म्हणजे नुसता कोरडा दिसून उपयोग नाही, दाबून बघितल्यावर हाताला ओल लागायला नको. फाटला असेल किंवा साफ करूनही काळपट राहत असेल तर नवा घ्या. बर्डीच्या बाजारात तुमच्या मॉडेलचा मिळाला नाही तर मागवायला लावा. स्कूटरच्या एअर फिल्टरचा स्पंज कापून बसवणारे महाभाग मी पाहिलेत, त्यातून हवाच जात नाही.

किती दिवसांनी? मॅन्युअल सांगेल तेवढ्या तासांनी. मी स्वतः मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी आणि बाकी वर्षभर महिन्यातून एकदा करतो. सावजीच्या हॉटेलात क्रिकेटसाठी लावलेला प्रोजेक्टर असेल तर हा नियम विसरा. तिथं धुळीवर तेलाची वाफ बसते आणि असा फिल्टर साफ होतच नाही. बदलायचाच.

प्रोजेक्टर पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून आणणं ही आपल्याकडची आवडती पद्धत. करू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, जोर एवढा असतो की बाहेरची धूळ आरशावर आणि लेन्सच्या आत जाऊन बसते, आणि पंखे त्या वाऱ्यानं बेफाम फिरून बेअरिंग सैल होतात. स्प्रेचे डबे मिळतात त्यातल्या काहींत पेट घेणारा वायू असतो. गरम प्रोजेक्टरजवळ तो नकोच.

घरात किंवा वर्गात पुट्टी घासायची असेल, दिवाळीआधी रंगकाम काढलं असेल, तर प्रोजेक्टर उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा. पुट्टीची धूळ इतकी बारीक की फिल्टरला ती दिसतही नाही. गणपतीत मंडपातला प्रोजेक्टर धुपाच्या आणि उदबत्तीच्या जागेपासून जेवढा लांब जाईल तेवढा बरा.

चौथी पायरी: इको मोड आणि चित्राचा आकार

इको मोडमध्ये लॅम्पची वीज कमी होते, उजेड साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश घटतो आणि आयुष्य बरंच वाढतं. खोक्यावर साध्या मोडचे ३००० आणि इकोचे ५००० तास लिहिलेले दिसतात ते यामुळे. तरी लोक इको लावत नाहीत, कारण चित्र फिकं दिसतं.

मग चित्र लहान करा. शंभर इंचांचं चित्र ऐंशी इंचांवर आणलं तर क्षेत्रफळ चौसष्ट टक्के राहतं. तोच उजेड कमी जागेत पडतो, म्हणजे दर चौरस फुटाला दीडपटीहून थोडा जास्त. इकोमुळे तीस टक्के उजेड गेला असं धरलं तरी ऐंशी इंचांचं इकोमधलं चित्र शंभर इंचांच्या पूर्ण मोडमधल्या चित्राइतकं, किंबहुना किंचित जास्त उजळ दिसतं. चाळीस मुलांच्या वर्गाला ऐंशी इंच पुरत नसेल तर नव्वद करा आणि पडदे लावा. पडद्यांवर खर्च करायला लोक का कचरतात कळत नाही. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला की खोलीही गार राहते, चित्रही उजळ दिसतं, आणि दोन्हींचा फायदा शेवटी लॅम्पलाच होतो. समोरची भिंत क्रीम किंवा आकाशी रंगाची असेल तर तेवढा भाग पांढरा मॅट करून घ्या.

इकोची एक कुरबुर मात्र आहे. वर्षभर सतत कमी विजेवर चालवलं की काही लॅम्प लुकलुकायला लागतात, कारण टोकांमधली ठिणगी (आर्क) एका जागी टिकत नाही. असं झालं तर दोन-तीन तास पूर्ण मोडवर चालवून बघा. बऱ्याचदा टोकं पुन्हा नीट होतात आणि लुकलुक थांबते. थांबली नाही तर लॅम्प किंवा बॅलास्ट, दोघांपैकी एकाची तक्रार आहे.

मोड कधी बदलायचा? सुरू केल्यावर पाच मिनिटांनी, लॅम्प स्थिर झाल्यावर. पेटत असताना मोडची बटणं दाबत बसू नका.

पाचवी पायरी: सुरू आणि बंद करण्याची शिस्त

दर वेळी पेटताना तो हजारो व्होल्टचा झटका टोकांना थोडं खातो. म्हणून तासांइतकंच किती वेळा पेटला हेही मोजायला हवं. दोन तासिकांमध्ये पंधरा-वीस मिनिटांची सुट्टी असेल तर प्रोजेक्टर चालूच राहू द्या. तास-दीड तासाची असेल तर बंद करा. म्यूट किंवा ब्लँकचं बटण दाबलं की पडदा काळा होतो, पण जुन्या मॉडेलमध्ये आत लॅम्प पूर्ण जळतच असतो. काही नव्या मॉडेलमध्ये त्या वेळी लॅम्प मंद होतो, ते मॅन्युअल सांगेल.

सुरू केला आणि "अरे, लॅपटॉप विसरलो" म्हणून दोन मिनिटांत बंद केला, हे लॅम्पला सगळ्यात वाईट. कुपी तापलीच नाही, ब्रोमीनचं काम सुरूच झालं नाही. एकदा पेटवला की निदान पंधरा मिनिटं चालू द्या. त्यासाठी आधी लॅपटॉप जोडा, केबल तपासा, मग प्रोजेक्टर लावा. क्रम उलटा करणारे सर लोक खूप आहेत, त्यात मीही होतो.

बंद करताना रिमोटचं बटण दोनदा, मग पंखा फिरत राहतो, एक ते तीन मिनिटं. या वेळेत प्लग काढायचा नाही. डायरेक्ट पॉवर ऑफ अशी सोय ज्या मॉडेलला दिलेली असते त्यांना हे माफ आहे, पण वेळ असेल तर त्यांनाही पंखा फिरवू द्यावा असं माझं मत.

आता ते बटण. एका क्लासमध्ये वर्षात दोन लॅम्प गेले. जागा ठीक, फिल्टर स्वच्छ. तिसरा बसवला त्या रात्री मी मुद्दाम क्लास सुटेपर्यंत थांबलो. आठ वाजता सरांनी रिमोटनं प्रोजेक्टर बंद केला आणि निघाले. मागोमाग क्लासचे शिपाईकाका आले आणि दाराजवळच्या बोर्डाची सगळी बटणं एका हातानं खाली ओढली. ट्यूबलाइट, पंखे, कूलर आणि प्रोजेक्टरचा फिरता पंखा, सगळं एकदम गार. विचारलं तर म्हणाले, "सरांनीच सांगितलं ना, जाताना लाईन बंद करत जा." त्यांची काही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून प्रोजेक्टरचा पॉइंट त्या बोर्डावरून काढला आणि वेगळ्या बटणावर घेतला, त्यावर लाल टेप लावली. तो तिसरा लॅम्प अजून चालू आहे.

सहावी पायरी: लाईन गेली तर

मे अखेरीस अवकाळी वादळ आलं की लाईन जाते, महावितरणला कितीही फोन केले तरी. चालू प्रोजेक्टरची लाईन अचानक जाणं म्हणजे काकांनी बटण ओढण्यासारखंच. उपाय यूपीएस. त्यावर पूर्ण तासिका चालवायची नसते, फक्त प्रोजेक्टर नीट बंद करून पंखा फिरून थांबेपर्यंतची पाच मिनिटं काढायची असतात. प्रोजेक्टरच्या मागच्या लेबलवर किती वॉट लिहिलंय ते बघा, बहुधा अडीचशे ते साडेतीनशे असेल. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस त्याला काठावर पुरतो, १ केव्हीएचा निवांत पुरतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा तर तो साइन वेव्हचा हवा, जुन्या स्क्वेअर वेव्हवर बॅलास्ट कुरकुरतो. आणि लाईन गेली की "चालू द्या हो, बॅटरी आहे ना" म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करून बंदचं बटण दाबा.

यूपीएस नसेल आणि लाईन गेलीच, तर परत आल्या आल्या सुरू करू नका. गरम कुपीत दाब इतका असतो की ठिणगीच पडत नाही, आणि प्रोजेक्टर पुन्हा पुन्हा झटके देत राहतो. पंधरा मिनिटं चहा घ्या.

ने-आण आणि ठेवणं

स्कूटरवर पुढच्या पायाजवळ प्रोजेक्टर ठेवून नेणाऱ्यांसाठी: आधी पूर्ण थंड होऊ द्या, मग पिशवीत. गरम लॅम्पला रस्त्यावरचे खड्डे मानवत नाहीत. उन्हात उभ्या कारमध्ये ठेवू नका. एसीच्या गार खोलीतून पावसाळ्यातल्या दमट हॉलमध्ये नेला तर अर्धा तास तसाच राहू द्या, आत दव धरलेलं असतं. उन्हाळी सुट्टीत दोन महिने बंद राहणार असेल तर झाकून ठेवा आणि महिन्यातून एकदा सकाळच्या गारव्यात अर्धा तास चालवा.

लॅम्प बदलताना

उजेड निम्मा झाला, चित्र पिवळट किंवा लालसर पडलं, मधूनमधून लुकलुकतं, पेटायला दोन-तीन प्रयत्न लागतात, मेनूत लॅम्प बदला असा संदेश येतो. ही लक्षणं एकत्र यायला लागली की बदला. नुसतं पिवळट दिसत असेल आणि प्रोजेक्टर जुना एलसीडी असेल तर लॅम्पची ऑर्डर द्यायच्या आधी तपासून घ्या, कारण आतली ध्रुवण फिल्म (उजेड गाळणारी पोलरायझर पट्टी) जळली तरी तसंच दिसतं आणि नवा लॅम्प घालून ते जात नाही. संदेशाचा त्रास होतो म्हणून जुन्याच लॅम्पचे तास शून्यावर आणणं हा प्रकार मी पाहिलाय. त्यातला एक भर तासिकेत फुटला, पोरं बाकाखाली.

विकत घेताना पर्याय तीन असतात: कंपनीचं पूर्ण मॉड्यूल (साच्यासकट लॅम्प), नामांकित कंपनीचा बल्ब दुसऱ्याच्या साच्यात बसवलेला, आणि काहीच नाव नसलेला. मधला परवडतो आणि चालतोही, बल्बवरचं नाव आणि बिल बघून घ्या. तिसरा घेऊ नका. नुसता बल्ब घेऊन जुन्या साच्यात बसवणं हे काम ज्यानं आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या.

प्लग काढा आणि तासभर थांबा. टांगलेला प्रोजेक्टर असेल तर झाकण उघडताना डोळ्यांवर चष्मा घाला, लॅम्प आत फुटलेला असेल तर तुकडे थेट चेहऱ्यावर पडतात. झाकण काढा, मॉड्यूलचे स्क्रू सैल करा, ते सहसा पूर्ण निघत नाहीत. दांडीला धरून सरळ बाहेर ओढा. रिकाम्या जागेतली धूळ ब्रशनं काढा. नवा लॅम्प साच्याला धरून आत सरकवा, क्वार्ट्झला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल तिथं भाजतं आणि काच तिथूनच दुधाळ व्हायला लागते. चुकून लागलंच तर स्पिरिट लावलेल्या स्वच्छ कापडानं पुसा. झाकण नीट बसलं नाही तर प्रोजेक्टर पेटतच नाही, सुरक्षेचा स्विच असतो. मग मेनूतून तास शून्यावर आणा. मॉड्यूलवर मार्करनं तारीख लिहा, वहीतही.

लॅम्प फुटला तर सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, एसी बंद करा, निदान अर्धा तास खोलीत कुणी जायचं नाही. आत पारा असतो. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका, त्यानं पारा पसरतो. हातमोजे घालून पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीनं उचला, सगळं झाकणाच्या बरणीत भरा. हा आणि साधा उतरलेला जुना लॅम्प, दोन्ही मनपाच्या कचरागाडीत टाकायचे नाहीत. पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, ते अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अशांची यादी असते. माझ्याकडे वर्षभरात असे दहा-बारा साचतात, मी ते मूळ खोक्यात परत घालून एकदमच नेऊन देतो. म्हणून नव्या लॅम्पचं खोकं फेकू नका, जुना त्यातच बरोब्बर बसतो.